‘थीफ’ अजून का खेळतात? एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

ऐरोलीच्या शनिवारच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा चोरीचा व्हिडिओ गेम पडद्यावर लावला, तेव्हा मागच्या रांगेतून आलेलं हसू मला ऐकू आलं होतं. हसण्यासारखंच दिसतं ते. चौकोनी थोबाडं, फावड्यासारखे हात, भिंतीवरच्या चित्राजवळ गेलं की नुसते रंगाचे ठोकळे. मग परवा तुझा प्रश्न आला. घरी जाऊन खेळून पाहिलास, पहिल्याच लेव्हलला तीनदा मेलास, तिन्ही वेळा “मला गार्ड दिसायच्या आधीच तो माझ्याकडे वळला होता, सर”, आणि वैतागून सोडलास. तर १९९८चा हा गेम लोक अजून का खेळतात? त्यात खरंच काही आहे, की तुमच्या पिढीला आठवणींचा उमाळा येतो एवढंच? आणि खेळायचाच झाला तर कसा?

उत्तराचं टोक तुझ्या तक्रारीतच आहे. दिसायच्या आधीच वळला. ते सोडवायला दोन ओळी पुरणार नाहीत, म्हणून सवडीने लिहितोय.

आठवणींचा आरोप आधी मान्य करून टाकतो. नौपाड्यात आम्ही लाकडी चाळीत राहायचो. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, बहुतेक नाइट शिफ्टला. सकाळी साडेआठला घरी, आंघोळ, चहा-पोळी, आणि मग दुपारी तीनपर्यंत झोप. खोली एक, भावंडं तिघं. घरात कसं चालायचं हे आम्ही वडिलांनी कूस बदलण्यावरून शिकलो. गॅलरीतली दाराजवळची दुसरी फळी करकरते, ती ओलांडायची. आतल्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाऊल वाजत नाही, पण पाय ओला असला तर ‘चप्’ होतं. सगळ्यात घातकी वस्तू म्हणजे पाण्याच्या पिंपावरचं स्टीलचं झाकण. २००० साली मित्राने स्टेशनजवळच्या एका दुकानातून सीडी आणली (कॉपी केलेली, खोटं कशाला सांगू), रात्री हेडफोन लावून बसलो, गॅरेट (गेममधला चोर, म्हणजे खेळणारा स्वतः) गालिच्यावरून टाइल्सवर उतरला आणि पाऊल ‘टक्’ वाजलं. मी दचकून खाटेकडे बघितलं. त्या आठवड्यात वडिलांना दिवसपाळी होती, ते खरंच झोपले होते.

तेव्हा माझं मत निःपक्ष नाही, हे धरून पुढचं वाच.

आपल्याकडे ‘चाहूल’ असा एक शब्द आहे. या गेमला तो इतका चपखल बसतो की मी वर्गात दुसरा वापरत नाही. चाहूल म्हणजे कुणीतरी आहे, येतंय, एवढंच कळणं. कोण, कुठून, किती जण, ते अजून न कळणं. ती आपल्याला लागते, आपण ती घेतो, आणि आपलीही समोरच्याला लागते. बाकीच्या गेममध्ये शत्रू एक तर समोर असतो, नाही तर नसतो. ‘थीफ’मध्ये बराच वेळ त्याची नुसती चाहूल असते, आणि त्याच घटकेला तुझी त्याला लागत असते. हा दुतर्फा व्यवहार एका काटेकोर यंत्रणेवर उभा आहे. गेम टिकला तो तिच्या जोरावर, असं माझं मत. गोष्ट, वातावरण, गॅरेटचा तो कडवट विनोद, सगळं मला आवडतं, पण ते तिच्यानंतर.

१९९८चा बाजार आठव. आठव म्हणजे, तू जन्मलाच नव्हतास, कल्पना कर. फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून दिसणारा गेम, म्हटलं की हातात बंदूक. वर्षभर आधी ‘क्वेक २’ आलेला, आणि ‘हाफ-लाइफ’ त्याच नोव्हेंबरात. लपण्याचे गेम त्याच वर्षी जपानमधून दोन आले, ‘टेन्चू’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड’. दोन्ही उत्तम. पण त्यांत कॅमेरा तुझ्या बाहेर असतो. तू स्वतःलाही बघतोस आणि पलीकडच्या शिपायालाही. ‘मेटल गिअर’मध्ये तर कोपऱ्यात रडार असतं, शिपाई कुठे बघतोय तेही त्यावर उमटतं. नोव्हेंबरच्या शेवटी आलेल्या ‘थीफ’ने हे सगळं काढून घेतलं. डोळे गॅरेटच्या कपाळात. कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही. नकाशा म्हणजे कुणीतरी घाईत खरडलेला कागद, आणि काही ठिकाणी त्यावर चक्क मोकळी जागा. मग उरतो तो कान.

हे करायचं धाडस मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने केलं. या मंडळींनी १९९२मध्ये ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ केला, १९९४मध्ये ‘सिस्टिम शॉक’, आणि १९९५मध्ये ‘फ्लाइट अनलिमिटेड’ हा विमान उडवण्याचा सिम्युलेटर. लोक पहिल्या दोघांची नावं घेतात. मी तिसऱ्यावर बोट ठेवतो. ज्या घरात पंखावरून हवा कशी वाहते याचं गणित मांडलं जातं, तिथे चोराच्या पावलाखालच्या फरशीचंही मांडलं जातं. जादू दाखवण्यापेक्षा नियम लिहावा आणि तो सगळ्यांना सारखा लावावा, ही त्या घराची सवय.

आता आवाजाचं. हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण रोजच्या कामात मला हाच लागतो.

बहुतेक गेममध्ये आवाज म्हणजे सजावट. गार्डचं पाऊल वाजतं ते तुला ऐकवायला. तो तुला ‘ऐकतो’ ते एका अदृश्य वर्तुळामुळे. अमुक मीटरच्या आत आलास की ऐकलं, मधे भिंत असो की डोंगर. ‘थीफ’मध्ये लेव्हल बांधणाऱ्याला भिंती उभ्या करून झाल्यावर दुसरं एक अदृश्य घर बांधावं लागतं. प्रत्येक खोली, बोळ, जिना एकेका खोक्याने झाकायचा. दोन खोकी जिथे टेकतात ती आवाजाची वाट. आवाज या वाटांनीच फिरतो, लांब गेला तर विरतो, मधलं दार लावलेलं असलं तर दबतो. त्यामुळे भिंतीपलीकडचा माणूस तुला भिंतीतून ऐकू येत नाही. दारातून, बोळ फिरून येतो. आमच्या चाळीत शेजारच्या काकूंचं भांडण ऐकू यायचं ते भिंतीतून कमी, गॅलरीतून जास्त. अगदी तसं.

आणि मुद्दा पुढेच आहे. ज्या वाटेने गार्डचं पाऊल तुझ्या कानापर्यंत येतं, त्याच वाटेने तुझं त्याच्या कानापर्यंत जातं. प्रमुख प्रोग्रामर टॉम लेनर्ड यांनी २००३मध्ये या यंत्रणेवर एक सविस्तर लेख लिहिला, तो मी वर्गात वाचून घेणार आहेच. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे आवाजाला चिकटवलेला अर्थ. पाऊल, तलवारीचा खणखणाट, ओरडा, प्रत्येक आवाज स्वतःबरोबर ‘मी काय आहे’ हे घेऊन जातो. एका गार्डने आरडाओरडा केला तर तो नुसता तुला घाबरवायला नसतो. दुसऱ्या गार्डला त्यातून खरीखुरी बातमी मिळते. तो आरोळी ऐकून येतो. स्क्रिप्टमध्ये लिहिलंय म्हणून येत नाही.

स्टुडिओने १९९९मध्ये ‘ड्रॉमएड’ हा आपला लेव्हल एडिटर, म्हणजे लेव्हल बांधायचं साधन, लोकांना देऊन टाकला. त्यात मी २००३च्या सुट्टीत आमची चाळ बांधायला घेतली. गॅलरी, जिना, नळ, खाली मालकांची खोली, मालकांच्या जागी एक तलवारवाला गार्ड. सगळं झालं, पण जिन्याच्या मधल्या वळणावर उभा केलेला गार्ड ठार बहिरा. मी त्याच्या नाकासमोर लोखंडी जाळीवर उड्या मारल्या, ढिम्म. दोन रात्री गेल्या. शेवटी कळलं की त्या वळणावर मी ते अदृश्य खोकं ठेवायलाच विसरलो होतो. भिंती होत्या, उजेड होता, गार्ड होता, पण आवाजाच्या हिशेबी ती जागाच अस्तित्वात नव्हती. त्या रात्री मला पहिल्यांदा पटलं की गेम बघणाऱ्याला जे दिसतं ते घराचं नुसतं रंगकाम असतं.

नजरेचंही असंच आहे, पण थोडक्यात सांगतो. गार्डच्या डोळ्यांतून एकच शंकू निघत नाही, अनेक निघतात: समोर लांब आणि अरुंद, बाजूंना आखूड आणि रुंद, आणि पाठीमागेही एक छोटा, मागे कुणी उभं राहिलं की आपल्याला जाणवतं तसा. तू किती ‘दिसतोस’ ते तीन गोष्टींवरून ठरतं. तुझ्यावर उजेड किती, तू हलतोयस किती, आणि तुझं अंग किती उघडं पडलंय. पडद्याच्या खालच्या कडेला तो मणी असतो ना, अंधारात काळवंडतो आणि उजेडात उजळतो, तो यातल्या उजेडाचाच हिशेब तुला दाखवतो. तलवार उपसून बघ, मणी लगेच उजळेल. पातं चमकतं. तुझ्या तीन मरणांपैकी किमान एका वेळी तू तलवार हातात धरूनच अंधारात लपला होतास, अशी माझी पैज.

संशय हळूहळू साठतो आणि हळूहळूच ओसरतो. गार्ड आधी नुसता पुटपुटतो, मग थांबतो, मग दोन पावलं तुझ्या दिशेने येतो, मग उंदीर-बिंदीर असेल असं स्वतःलाच समजावून परत फिरतो. आज यासाठी डोक्यावर पिवळं-लाल चिन्ह दाखवतात. इथे चिन्ह नाही, त्याची बडबड आहे. लोक त्या बडबडीला हसतात, पण तो तुझा मीटर आहे. फक्त तो कानाने वाचायचा.

एक प्रसंग सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या एका गेमसाठी पावलांचे आवाज हवे होते. विकतचे नको, आपल्याकडच्या जमिनींचे हवेत, असा माझा हट्ट. घणसोलीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री दोन वाजता मी आणि रेकॉर्डिस्ट, परवानगी घेऊन. कोल्हापुरी चप्पल, रबरी स्लीपर, अनवाणी. चेकर्ड टाइल्सवर, कोटा फरशीवर, चेंबरच्या झाकणावर, पावसाळी खडीवर. अर्ध्या तासाने मागून अचानक टॉर्च आला आणि आम्ही दोघे अक्षरशः उडालो. रात्रपाळीचे वॉचमन मामा. परवानगीचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी विचारलं, मामा, तुम्ही आलात कसे, माइकमध्येसुद्धा आवाज आला नाही. तर म्हणाले, “फरशीवरून कशाला येऊ? कुंड्यांच्या मागनं मातीतनं आलो.” नंतर चहा घेताना बसलो तेव्हा कळलं की इमारतीतली निम्मी माणसं ते न बघता ओळखतात. पाचव्या मजल्यावरचे साहेब डावा पाय ओढतात, तिसऱ्यावरची मुलगी किल्ल्या खुळखुळवत येते. “तोंड बघायला लाइट लागतो साहेब. चप्पल ऐकायला लागत नाही.”

तू ज्याच्या हातून तीनदा मेलास, तो गार्ड या मामांचा १९९८मधला चुलतभाऊ आहे.

आणि तो आमचा गेम? सपशेल आपटला. दोष यंत्रणेचा नव्हता, आमचा होता. खेळणाऱ्यांना कळत नाही असं वाटून आम्ही गार्डच्या पुढे जमिनीवर लाल शंकू काढला. चाचणीला बसलेली मुलं पहिल्या पाच मिनिटांत गार्डकडे बघायची थांबली. आवाज बंद करून, शंकूची कड चुकवत, कॅरमची सोंगटी सरकवावी तशी खेळायला लागली. तीन आठवड्यांची पावलं, कोल्हापुरीपासून खडीपर्यंत, कुणी ऐकलीच नाहीत. चाहुलीच्या जागी आम्ही माहिती दिली होती. ते डोक्यात इतकं बसलंय की तेव्हापासून प्रत्येक चिन्ह पडद्यावर ठेवण्याआधी मी विचारतो, हे काढलं तर माणूस काय करेल? ऐकेल का?

साधनांकडे ये. गॅरेटकडे बाण असतात आणि त्यातले निम्मे माणसाला मारायचे नसतातच. पाण्याचा बाण मशाल विझवतो, पण विजेचा दिवा नाही. या अजब शहरात मशाली आणि विजेचे दिवे शेजारी शेजारी नांदतात. शेवाळाचा बाण वाजत्या फरशीवर मऊ शेवाळ अंथरतो. दोराचा बाण लाकडात रुततो आणि खाली दोर सोडतो. दगडात किंवा लोखंडात मारलास तर ठण्ण करून गळून पडतो. हे नियम कुठल्या एका लेव्हलपुरते नाहीत. कुठेही लाकडी तुळई दिसली की तिथे वाट आहे. बांधणाऱ्याने ती वाट योजली असो वा नसो. २००४मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात दोराचा बाण काढूनच टाकला, चढायचे हातमोजे दिले. २०१४च्या नव्या ‘थीफ’मध्ये तो परत आला, पण ठरवून दिलेल्या जागीच चालणारा. त्या गेमची रात्र फार सुंदर रंगवली आहे, तरी मी तो दुसऱ्यांदा लावला नाही. नियमाचा बाण आणि परवानगीचा बाण यांतला फरक खेळताना तुला दहा मिनिटांत कळेल.

एक छोटी गोष्ट मला व्यवसायाच्या नजरेने फार मोठी वाटते. चोरलेल्या मालाचे पैसे पुढच्या मोहिमेआधीच साधनांवर खर्च करायचे. उरले ते बुडाले. म्हणजे श्रीमंत होऊन गेम सोपा होत नाही. शिवाय काठिण्य वाढवलं की इथे नुसती गार्डची ताकद वाढत नाही, कामं वाढतात. सगळ्यात वरच्या ‘एक्स्पर्ट’ पातळीवर माणूस मारायलाच बंदी असते. थोडक्यात, जितका तू कुशल, तितका तू सभ्य चोर. मला हे अजूनही कुठे इतकं साधेपणाने केलेलं सापडलं नाही.

आता एक मोहीम जवळून. चौथी, ‘असॅसिन्स’. गॅरेटला मारायला दोन मारेकरी येतात, चुकून दुसऱ्याला मारतात, आणि काम फत्ते झालं समजून परत निघतात. तुला त्यांच्या मागे जायचंय, त्यांना पाठवलं कुणी ते शोधायला. रात्रीचं शहर, ओली दगडी गल्ली. पडद्यावर बाण नाही, ठिपका नाही. जवळ गेलास तर ते वळतील आणि मोहीम संपली. मागे राहिलास तर गल्ल्यांत हरवतील. मग काय करतोस? त्यांच्या पावलांवर जातोस. आवाज दगडी गल्लीतून येतोय, आता वळणावर गेला, आता थांबला. का थांबला? तूही थांबतोस, भिंतीला पाठ लावून. पुन्हा पावलं सुरू. मी हे पंचवीस वर्षांत कितीदा केलं असेन, तरी तो मधला ‘का थांबला’ दर वेळी पोटात गोळा आणतो. शेवटी ते रामिरेझ नावाच्या बड्या माणसाच्या वाड्यात शिरतात, आणि तिथून खरी चोरी सुरू. दिसायला त्यात काय आहे? काळी गल्ली आणि दोन ठोकळे.

सगळंच सोन्याचं नाही, हेही ऐकून ठेव. दुसरी मोहीम एका तुरुंगात शिरण्याची आहे. (आपल्या ठाण्यात जुन्या किल्ल्याचाच तुरुंग झाला आहे, त्यामुळे मला त्या दगडी भिंती फार परक्या वाटल्या नाहीत.) तिथेच भटकणारी मढी भेटायला लागतात आणि तिसऱ्या मोहिमेत तर पूर्ण कबरस्तान आहे. मढ्यांशी बोलता येत नाही, त्यांचं बोलणं चोरून ऐकता येत नाही, ती फक्त मागे लागतात. चाहुलीचा अर्धा व्यवहारच संपतो. याचं कारण गेमच्या जन्मात आहे. १९९६च्या सुमाराला काम सुरू झालं तेव्हा हा चोरीचा गेम नव्हताच. मधे ‘डार्क कॅमलॉट’ नावाने राजा आर्थरच्या कथेची उलटी बाजू करायची होती, तलवारबाजी जोरात. लपणं हेच मुख्य, हे उशिरा ठरलं, आणि गार्डची बुद्धी तर पुन्हा नव्याने लिहावी लागली. जुन्या बेताची मढी तेवढी घरात राहून गेली. १९९९च्या ‘थीफ गोल्ड’मध्ये तीन मोहिमा वाढवल्या, त्यातली चोरांच्या टोळीच्या अड्ड्याची मला आजही कंटाळवाणी भुलभुलय्या वाटते. खुशाल वॉकथ्रू (दुसऱ्याने लिहिलेली वाट) बघ, मी कुणाला सांगणार नाही.

मार्च २०००मध्ये दुसरा भाग आला, ‘द मेटल एज’. मढी कमी, माणसं जास्त, बँक, गोदाम, आणि छपरांवरून शहरभर फिरवणारी ती मोहीम. कारागिरी दुसऱ्याची सरस, भीती पहिल्याची. मे महिन्यात स्टुडिओला टाळं लागलं.

आणि इथे तुझ्या ‘आठवणींचा उमाळा’ या मुद्द्याला माझं खरं उत्तर आहे. नाटक कंपनी बुडाली तरी हौशी मंडळी तालमी चालू ठेवतात, तसं झालं. ‘ड्रॉमएड’ वापरून लोकांनी घरी बसून बनवलेल्या मोहिमा आज हजाराच्या वर गेल्या आहेत. सप्टेंबर २०१२मध्ये नाव न सांगणाऱ्या कुणीतरी एक पॅच (गेमवर चढवायची दुरुस्ती) सोडला, ‘न्यूडार्क’. त्याने जुना गेम नव्या विंडोजवर आणि रुंद पडद्यावर धड चालायला लागला, आणि बांधणाऱ्यांच्या जुन्या मर्यादाही सैल झाल्या. काहींनी ‘डूम ३’च्या इंजिनवर ‘द डार्क मॉड’ हा स्वतंत्र, फुकट गेमच उभा केला. आणि ३० नोव्हेंबर २०२३ला, मूळ गेमच्या पंचविशीला, ‘द ब्लॅक परेड’ ही दहा मोहिमांची नवी मालिका आली. ती खेळ आणि मग आठवणींचं बोल. काही मोहिमा मला मूळ गेमपेक्षा सरस वाटल्या. जुन्या फोटोंचा अल्बम उघडून बसणारी माणसं असलं काम करत नाहीत; चालतं इंजिन हाती असलेली करतात.

त्यात त्या चौकोनी थोबाडांचा मोठा हात आहे, हे तू लिहून घे. आजच्या दर्जाची एक खोली सजवायला आमच्या ऑफिसात तीन माणसं दोन आठवडे बसतात. ‘थीफ’ची खोली एक माणूस, एक कप चहा, एक संध्याकाळ. म्हणून नोकरी करून रात्री बसणाऱ्यालाही आख्खा वाडा बांधता येतो, आणि त्याची सगळी बुद्धी पडद्यांच्या झालरीऐवजी वाटा, दारं, उजेड आणि फरशा यांत जाते. आणि अर्धा गेम अंधारातच असतो. अंधाराला पिक्सेल लागत नाहीत.

आता कसा खेळायचा ते. ‘थीफ गोल्ड’ ऑनलाइन दुकानांत विकत मिळतो, सेलमध्ये तर वडापावच्या हिशेबात. (मी तेव्हाची कॉपी नंतर विकत घेऊन फेडली, तूही विकतच घे.) त्यावर ‘न्यूडार्क’ पॅच चढव. स्पीकर नको, हेडफोन, आणि पोझिशनल ऑडिओचा (आवाज कुठल्या दिशेने येतोय ते कळवणारा) पर्याय असेल तर तो चालू. पडद्याचा उजेड वाढवू नकोस. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग वाढवतोच. ‘एक्स्पर्ट’वर उडी नको, ‘हार्ड’ घे. धावायची की विसर. दार उघडण्याआधी पुढे झुकून त्याला कान लाव, पलीकडचं ऐकू येतं. ही सोय बऱ्याच जणांना कळतच नाही. क्विकसेव्ह (आहे तिथे गेम जतन करणं) दर पावलाला करू नकोस, नाहीतर चूक करून सावरण्यातली मजा जाते, आणि या गेममधली निम्मी मजा तीच आहे. पकडला गेलास तर लढू नकोस. पळ, दोन दारं मागे लाव, अंधार गाठ, गप्प बस. तो शोधेल, शिव्या देईल, आणि मग कंटाळेल.

तुझे तीन मृत्यू मी न बघता सांगू शकतो: पहिल्या मोहिमेतल्या बॅफर्डच्या वाड्यात विहिरीच्या वाटेने शिरलास, तळघर निभावलं, वर आलास, जमीन बदलली आणि तुझी चाल बदलली नाही. गार्डने तुला पाहिलंच नाही. ऐकलं.

तर आज रात्री हे कर. मोहीम सुरू झाली की आत शिरूच नकोस. बाहेरच्या भिंतीच्या सावलीत उभा राहा, तलवार म्यानात, मणी काळा होईपर्यंत मागे सरक, आणि कीबोर्डवरून हात काढ. दोन गार्ड अस्वलांच्या झुंजीवरून वाद घालत असतील, पूर्वीची अस्वलं आता राहिली नाहीत म्हणून. आपल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर क्रिकेटचं चालतं, त्यातलाच सूर. संपू दे त्यांचं. मग एकाची पावलं दगडावरून लांब जातील, वळतील, परत येतील. किती वेळाने येतात ते मोज. मोजून झालं की मला आकडा पाठव, आत शिरायचं पुढच्या शनिवारी.